आत्या कशानं गेली

घोटीकडे सोयरीक जुळवताना मुलीचं मामकूळ बघतात. आईच्या माहेरी कोड आहे का, वेड आहे का, सगळं खोदून विचारतात. बापाची बहीण कशानं गेली, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून कुसाबाईच्या लेकीला, स्नेहलला, पस्तिशीच्या आत छातीचा कॅन्सर निघाला तेव्हा साऱ्या भावकीनं न्याय करून टाकला, की हे कुसाबाईच्या माहेरचं.

कुसाबाईनं ते ऐकून घेतलं. लेकीचे केस गेले, एक स्तन काढावा लागला. त्या धांदलीत भांडायला सवड कुठली? मग नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी आईबापाचंही रक्त तपासायला घेतलं आणि दोघांना समोर बसवून समजावलं.

"पेशीतला बिघाड दुरुस्त करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. स्नेहलला त्यातली एक जन्मापासूनच बिघडलेली मिळाली. दुसरी पुढं कधीतरी छातीतल्या एखाद्या पेशीत बिघडली. वयानं बिघडते, कधी कशानं ते सांगताही येत नाही. दोन्ही गेल्या, की त्या पेशीला आवर राहत नाही. बहुतेक बायकांचे सगळे बिघाड असे जगता जगताच होतात, वारशाचा संबंध नसतो. तुमच्या घरात मात्र एक वारशानं आलाय."

"माझ्याकडून?" कुसाबाईनं विचारलं.

"नाही. तुमच्यात तो नाही. यांच्यात आहे."

तिचा नवरा हिरामण तिथून उठला. नाशकातल्याच अंबडच्या घरी आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसून म्हणाला, "वाढ."

कुसाबाईनं वाढलं. मग म्हणाली, "थोरल्या भाऊजींना सांगा. त्यांची सायली हाय."

"तिची मालेगावला सोयरीक चाललीय. पुढं बघू."

पुढं काय बघायचं होतं? दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन तिनं घोटी गाठली. थोरला दीर धोंडीराम ओट्यावर बसला होता. सायलीनं चहा आणून दिला.

"पाव्हण्यांना सांगून टाकलं मी," धोंडीराम म्हणाला. "म्हटलं, ते दुखणं आमच्या रक्तात नाय. धाकट्याच्या बायकोच्या माहेरचं हाय."

"भाऊजी, माझं रक्त तपासलं. त्यात काय नाय. तुमच्या भावाकडून आलंय."

धोंडीराम हसला. "बाप्याला कुठं थानं असतात गं?"

"बाप्याकडनं बी लेकीला जातं. तुमी रक्त द्या. तुमच्यात नसलं, तर सायलीला हा वारसा नाय."

"आणि असलं तर? ठरत आलेलं लगीन मोडायला आलीस व्हय?"

कुसाबाई नवऱ्याकडं वळली. तो बशीत चहा ओतत होता. इतक्या दिवसांचा राग तिच्या तोंडाशी आला.

"बोला की! माझ्या मेलेल्या आईला शिव्या बसल्या, भावांच्या पोरींना नावं ठेवली, तवा बी असंच बसला. साळू वन्सं कशानं गेल्या?"

"दूध गोठलं होतं तिचं," धोंडीरामनं परस्पर सांगितलं.

"दूध? त्यांचं धाकटं पोर शाळंत जात होतं तवा!"

हिरामणनं बशी खाली ठेवली. "दादा, गाठ होती ती. फुटली होती. वास यायचा म्हणून बानं तिला गोठ्यात टाकलं, आणि लोकांना दूध गोठलं असं सांगायचं आपण ठरवलं."

कुसाबाईचा अख्खा संसार झाला, लेक मरता मरता वाचली, आणि हा माणूस हे पोटात घेऊन तिच्याच हातचं जेवत होता. रक्तात काय आलं, त्यात त्याचा दोष नव्हता. पण ही गप्प बसायची रीत रक्तातून आलेली नव्हती.

"स्नेहलच्या पहिल्यांदा गाठ हाताला लागली, तवा मी तिला म्हटलं, दुधाचीच गुठळी असंल, जिरंल," ती म्हणाली. "तुमच्याच घरात ऐकलं होतं ना! कैक महिने तिनं दाखवलं नाय."

दारात उभी असलेली सायली पुढं झाली. "काकू, अप्पांचं रक्त न घेता माझं तपासता येतं?"

"येतं की."

"उंबऱ्याबाहेर पाय टाकून बघ," धोंडीराम ओरडला. "मालेगावचे काय म्हणतील?"

"मामकूळ विचारलं तेव्हा तुम्ही आईच्या पणज्यापर्यंत सांगितलं, अप्पा. आत्याबद्दल एक शब्द नाही. आता मीच सांगते त्यांना." तिनं चपला घातल्या.

हिरामणही उठू लागला.

"तुमी बसा," कुसाबाई म्हणाली. "साळू वन्संच्या लेकी आता बायामाणसं झाल्यात. त्यांना कोण सांगणार, ते दोघं भाऊ ठरवा. सांगितल्याबिगर घरी येऊ नका."

दोघी एसटीत बसल्या. सायली म्हणाली, "निघालं तर, काकू?"

"तर लगेच कॅन्सर होतो असं नाय. पण नेमानं तपासत राहायचं. गाठ बारीक असतानाच सापडती." कुसाबाई तिच्या अंगाशी सरकली. "भ्यायचं असंल तर माझ्याशेजारी बसून भी. पण कुणाची अब्रू राखायला म्हणून भिऊ नको."