निजलेलं बाळ आधी

या, जरा पुढे सरकून बसा. टाळ अजून पिशवीतच आहेत, बुवांना यायला वेळ आहे. तोवर एका नर्सची गोष्ट सांगते. मन घट्ट करून ऐका.

तिचं नाव संध्या. घणसोलीजवळच्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात इमर्जन्सीच्या दाराशी तिची खुर्ची. आलेल्या पोराला कोणत्या रंगाची चिठ्ठी द्यायची, ते तिने ठरवायचं. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता आत, हिरवी म्हणजे थांबलं तरी चालेल. शिकवणाऱ्या जयमालाबाईंनी आठवडाभर एकच घोकून घेतलं होतं: "रडतंय त्याच्याकडे सगळेच बघतात. गप्प आहे त्याच्याकडे तू आधी बघ. झबलं वर कर आणि घड्याळ लावून श्वास मोज."

त्या दुपारी बाकं भरलेली. सीवूड्सचे दिपेश मुलाला उचलून आले. कपाळाला खोक, शर्टावर रक्त, आणि पोराने दवाखाना डोक्यावर घेतलेला.

"मॅडम, रक्त दिसत नाही का? आम्ही काय इथे सत्यनारायणाला आलोय?"

मागच्या बाकावर गावातली गोजराआजी बसली होती. मांडीवर शालीत गुंडाळलेला आठ महिन्यांचा नातू ऋषी, कपाळाला अंगारा. संध्या शालीला हात लावणार तोच आजी म्हणाली, "नको गो बाय. तीन दिस रडला, आताच निजलाय. वारा लागंल. त्यांच्या पोराला घे आधी, माजा बरा हाय."

निजलेलं बाळ हलवू नये, हे संध्यालाही तिच्या आईने शिकवलेलं. तिने आजीच्या हातात हिरवी चिठ्ठी ठेवली आणि दिपेशच्या मुलाच्या कपाळावर गॉज दाबून धरलं. रक्त थांबत आलं. पोरगा मात्र भरल्या छातीने ओरडतच होता.

एवढ्या आरड्याओरड्यात मागचं बाळ एकदाही दचकलं नव्हतं.

संध्याने वळून शालीकडे पाहिलं.

"हे दाबून धरा," ती दिपेशना म्हणाली.

"अहो, पण मला..."

"धरा."

आजी नको नको म्हणत असताना तिने शाल सोडली, झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. घड्याळाकडे बघत ती मोजू लागली. अर्ध्या मिनिटात छत्तीस; या वयाला पंचवीसच्या आत हवेत. मग ओठांकडे नजर गेली. जांभळे. पुढचं मोजायला ती थांबली नाही, बाळ छातीशी धरून आत पळाली.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. "निजला नव्हता हा. श्वास घेऊन घेऊन दमला होता."

बाहेर आजीच्या मुठीत ती हिरवी चिठ्ठी घामाने भिजली होती. "मीच म्हनलं ना, बरा हाय?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. दिपेश तिच्याशेजारी येऊन बसले. "पाणी घ्या, आजी," एवढंच म्हणाले.

तासाभराने आतून बारीक रडणं ऐकू आलं. आजीने तिथूनच हात जोडले.

संध्याने जयमालाबाईंना फोन केला, "बाई, मी आधी हिरवी दिली होती."

बाई म्हणाल्या, "पण शाल उघडलीस. मी नव्हती उघडली. उरणची मुलगी होती, दहा महिन्यांची. जाई. ती वाचली नाही. तिच्यामुळे मी शिकवायला लागले."

ऋषी आता रांगतो. उद्या देवापुढे दिवा लावाल तेव्हा जाईची आठवण ठेवा.