बाजरीच्या कोठीतले भूत

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळ्या प्लॅस्टिकचा डबा, दोन पांढरी चाके आणि त्यांवर गुंडाळलेली दोनशे अठ्ठावन्न मीटर फीत, एवढीच मी. माझ्या फितीवरचा तपकिरी थर लोखंडाच्या ऑक्साइडचा आहे, म्हणजे साध्या भाषेत गंजाचा. गंजाने पत्रा खाल्लेला तुम्ही पाहिला असेल. पण त्याच गंजाचे बारीक कण फितीवर बसवले आणि चुंबकाने त्यांना हवे तसे वळवले, तर त्यांत माणसाचा चेहरा राहतो, त्याचे बोलणे राहते. मी इतकी वर्षे हेच काम केले, तरी हे कसे घडते याचे नवल मला आजही वाटते.

१९८८ साली मांडवगण फराटा गावच्या पोपटरावांनी मला पुण्याहून आणले. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता आणि आळीतले पहिले व्हिडिओ यंत्रही होते. मला आणण्याचे कारण म्हणजे त्यांचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान साहेबराव. साहेबराव दौंडला रेल्वेत होते. यार्डात डबे जोडायचे, सोडवायचे, इंजिनाला हातवारे करून मागेपुढे घ्यायचे, हे त्यांचे काम. उंची सहा फूट दोन इंच. रेल्वे कॉलनीच्या नाटकांत ते हौसेने उभे राहत. त्यांची उंची पाहून कुणीतरी त्यांना टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत भुताचे काम दिले.

मालिकेचे नाव होते ‘हडळीची हजेरी’. तेव्हाच्या भुतांच्या सिनेमांत सगळे ठरलेले असायचे. दार करकरायचे, धुके यायचे, पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन फिरायची. ही मालिका त्याचीच थट्टा करायची. तिच्यातली हडळ रोज संध्याकाळी हजेरीपुस्तकात सही करून कामावर रुजू व्हायची. दार करकरले की तिची झोपमोड व्हायची, म्हणून ती बिजागरीला खोबरेल तेल घालायची. आणि ते भयानक धुके? शेजारणीच्या चुलीत ओली लाकडे होती.

सहा भाग झाले आणि मालिका बंद पडली. फारशी कुणी पाहिलीच नव्हती. त्या काळी नवे कार्यक्रम जुन्याच टेपांवर उतरवत. तसे तिचे भागही पुसले गेले. शेवटचा भाग लागला तेव्हा साहेबराव ड्युटीवर होते, म्हणून पोपटरावांनी तो माझ्यावर उतरवून ठेवला. बावीस मिनिटे. फितीच्या मापात एकतीस मीटर.

माझ्या पाठीवर एक लहानशी खिट्टी असते. ती मोडली की माझ्यावर दुसरे काही चढवता येत नाही. दुकानदाराने पोपटरावांना तसे सांगितले होते. पण ते म्हणाले, “नवी कोरी वस्तू आपल्या हातानं कशाला मोडायची?” आणि त्यांनी खिट्टी तशीच ठेवली. शेतकऱ्याच्या घरात धड वस्तू मोडत नाहीत. चूक झाली ती इथेच.

दोन वर्षांनी त्यांच्या अनिताचे लग्न निघाले. मांडवात शूटिंगवाला आला होता. मुलीच्या पाठवणीच्या वेळी त्याच्या कॅसेटी संपल्या. तो ओरडला, “आप्पा, एखादी कॅसेट द्या बिगीबिगी!” पोपटरावांच्या डोळ्यांत पाणी होते. हाताला लागली ती कॅसेट त्यांनी काढून दिली. ती मी होते. सतरा मिनिटे चित्रण झाले आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

चार दिवसांनी पोपटरावांच्या लक्षात आले. घरच्या जावयाला, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, तुमचे भूत मी पुसले हे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांनी सांगून टाकले, “दाजी, कॅसेट कुणीतरी मागून न्हेली, आन् हरावली.”

साहेबरावांनी खांदे उडवले. “जाऊ दे की. मी हाय नव्हं जित्ता? कवाबी म्हणा, करून दाखवतो.” आणि त्यांनी तिथेच, ओसरीवर, ते भुताचे हसणे करून दाखवले. त्या दिवशी सगळ्यांना ते पटले. मलाही पटले.

मी मात्र आता लेकीच्या लग्नाची कॅसेट झाले होते. पोपटरावांच्या पत्नी तुळजाबाई यांनी मला पिशवीत गुंडाळून बाजरीच्या कोठीत ठेवले, कडुनिंबाच्या पाल्यासकट. “चोर कपाट फोडंल,” त्या म्हणायच्या, “बाजरीत कशाला हात घालंल?” दर उन्हाळ्यात कोठी रिकामी व्हायची आणि उन्हात खडखडीत वाळलेले धान्य पुन्हा भरले जायचे. माझ्यासारख्या फितींचा खरा शत्रू ओलावा. ओलाव्याने पांढरी बुरशी चढते आणि थर सुटतो. कोरडे धान्य तो ओलावा ओढून घेते. तुळजाबाईंना हे कुणी शिकवले नव्हते. पण चौतीस वर्षे माझ्यावर बुरशीचा एक ठिपका आला नाही.

मागच्या वर्षी साहेबरावांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढले. माणूस वाचला, आवाज गेला. आता ते घरात यार्डातल्या खुणांनी बोलतात. हात आडवा हलवला की ‘इकडे ये’. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे ‘थांब’. घरातल्या सगळ्यांना त्या खुणा येतात. पण हसताना त्यांच्या गळ्यातल्या छिद्रातून फक्त वारा येतो. त्यांचे बोलणे कुणी कधी मोबाइलमध्ये धरले नव्हते. रोजच तर बोलत होते.

त्यांची नात सायली दौंडहून डेमू गाडीने पुण्याला जाऊन विज्ञान शिकली. या वैशाखात ती मांडवगणला आली असताना तुळजाबाईंनी कोठी उपसली आणि मला बाहेर काढले.

“अनिताच्या लग्नाची हाय,” त्या म्हणाल्या. “लावून दाव की गं.”

पोपटराव बाजेवर बसले होते. मला पाहून ते उठले, पुन्हा बसले. मग खाली मान घालून त्यांनी सगळे सांगितले.

तुळजाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. “म्हंजी चौतीस वरसं दाजींना थापा? आन् माझ्याच बाजरीत लपवून?”

“तूच ठिवली व्हतीस ती बाजरीत!”

“मला काय ठावं, लेकीच्या खाली भूत हाय म्हणून!”

सायली हसली नाही. तिने पोपटरावांना विचारले, “आबा, कार्यक्रम बावीस मिनिटांचा आणि लग्न सतरा. म्हणजे शेवटची पाच मिनिटं उरली असतील. आजोबा त्यात कधी येतात?”

“शेवटाला येत्यात वाटतं,” पोपटराव म्हणाले. “पर नक्की न्हाई सांगता येणार.”

मित्रांनो, पाच मिनिटे म्हणजे माझ्या फितीचे सात मीटर. नऊवारी लुगड्यापेक्षाही कमी. त्यातही आवाज संपूर्ण फितीवर नसतो. तो काठावरच्या एका मिलिमीटरच्या पट्टीत असतो. साहेबरावांचा आवाज या जगात कुठे असलाच, तर तेवढ्याच जागेत होता.

सायलीने शिक्रापूरच्या एका भंगारवाल्याकडून जुने व्हिडिओ यंत्र आणले, स्पिरिटने पुसून साफ केले, लॅपटॉपला जोडले. एका रविवारी दुपारी दौंडच्या घरी सगळे जमले. पोपटराव मला स्वतः मांडीवर घेऊन आले होते. साहेबरावांच्या पत्नी गीताबाई यांना भावाची थाप कळली होती; त्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवली.

“पट्टी जुनी आहे, यंत्र त्याहून जुनं,” सायली म्हणाली. “एकदाच चालेल असं धरा. चालताना मी उतरवून घेते.”

मी फिरू लागले. यंत्रातला ढोलासारखा, चित्र वाचणारा भाग माझ्या अंगावरून सेकंदाला पंचवीस फेऱ्या घेत होता आणि दर फेरीला एक चित्र उठत होते. बँड वाजला. एकोणीस वर्षांची अनिता रडत होती. फेट्यातले पोपटराव तिच्यापेक्षा जास्त रडत होते.

“बघा तुमचं ध्यान,” तुळजाबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात साहेबरावांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. थांब!

कुणाला काही कळेना. चित्र छान दिसत होते. पण साहेबराव उभे राहिले, हात तसेच वर, डोळे यंत्रावर. सायलीने बटण दाबले आणि झाकण उघडले. आतला रबरी रोलर चिकट झाला होता. माझी फीत त्याला धरून वेटोळे घेऊ लागली होती. आणखी थोडा वेळ गेला असता, तर ती चुरगळून तुटली असती. चाळीस वर्षे चाकांचे आवाज ऐकलेल्या माणसाने, बँडच्या गोंगाटातून, एका रोलरचा बदललेला सूर ओळखला होता.

सायलीने मला बोटाने सोडवले, रोलर पुसला, वाळू दिला. पुन्हा सुरू केले.

पाठवणी संपली. पडद्यावर पांढरे ठिपके आले. नवे लिहिणाऱ्या यंत्रात पुसणारा भाग थोडा पुढे असतो, म्हणून कॅमेरा बंद पडला तेव्हा लग्नाच्या पुढचाही एक तुकडा कोरा झाला होता. किती, ते कुणाला माहीत नव्हते. दोन सेकंद. चार सेकंद. गीताबाईंनी पदर तोंडाशी धरला. सात.

आणि धुके आले. रेल्वेचे फाटक, हातात कंदील, एक उंच भूत. वाक्य अर्ध्यातूनच सुरू झाले:

“...रजा न्हाई, बाई! मेल्यावरबी तीन पाळ्या!”

“मग तुम्ही घाबरवता कधी?” हडळीने विचारले.

“गाडी लेट असली की.”

मग भुताला भयाण हसायचे होते. ते “हा! हा!” म्हणून थांबले, त्याला ठसका लागला आणि स्वतःचेच त्याला इतके हसू आले की कंदील हलायला लागला. ते हसू भुताचे नव्हते. साहेबरावांचे होते. अकरा सेकंद. माझ्या फितीवर एका वितीहून थोडे जास्त.

गीताबाई हळूच म्हणाल्या, “असं हसायचं हे माणूस. पोपटा, मी इसरले व्हते रं.”

बावन्न वर्षे संसार केलेली बाई, आणि आवाज जाऊन एकच वर्ष झाले होते. मित्रांनो, मला कळले नाही की मनातून एवढे कसे पुसले जाते. पोपटराव रडत म्हणाले, “आक्का, चुकलो मी.”

“चुकलासच,” गीताबाई म्हणाल्या. “पर लगीन चढवलं नसतंस, तर हे भूत कुणी चौतीस वरसं धान्यात जपलं असतं? कवाच भंगारात गेलं असतं.”

सायलीने उतरवलेले पुन्हा लावले. सगळे पडद्याकडे पाहत होते. मी टेबलावरून साहेबरावांकडे पाहत होते. भूत हसू लागले तसे साहेबरावांचेही खांदे हलू लागले. ओठ उघडले. आवाज लॅपटॉपमधून येत होता, पण श्वास इथे खोलीत घेतला जात होता, त्याच ठेक्यात, त्याच ठसक्यासह. एकाच माणसाचे हसणे दोन जागी, मधे छत्तीस वर्षे. मी फक्त गंज लावलेली पट्टी आहे. यात माझा वाटा आहे, हे मला खरे वाटेना.

आता मी बहुधा पुन्हा चालणार नाही. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे तरी हसणे रोज ऐकू येते, इतके रोज की त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आज ते धरून ठेवा. त्यावर नाव आणि तारीख लिहा. आणि जे एकदा जपायचे ठरवाल, त्याची खिट्टी आपल्या हाताने मोडा. नवी कोरी असली तरी.