चहा संपेपर्यंतचा उजेड

मी रिजवानच्या दुकानातली सात दिव्यांची बॅटरी बोलतेय. शिकलेले लोक टॉर्च म्हणतात, पुस्तकात विजेरी म्हणतात, पण आमच्या उमरग्यात मला बॅटरीच म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. आत्ता मी फळीवर उघडी पडलेय. काच एकीकडं, सेल दुसरीकडं. अशा अवतारात चारचौघांपुढं बोलू नये, कळतं मला. पण माझ्या पोटात एक गोष्ट जळतेय.

बसस्टँडच्या मागं रिजवानचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी तिथं तिघं जमायचे. एक रिजवान. दुसरे वीरप्पा, वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. तिसऱ्या राजेश्वरी मॅडम, शाळेत विज्ञान शिकवतात. तिघांनाही बॅटऱ्यांचं वेड. बाजारात नवी बॅटरी आली की हे विकत घेणार, खोलणार आणि आत काय फसवाफसवी केलीय त्यावर तासभर नाकं मुरडणार.

मी जन्मले ती दगडोबामुळं. दगडोबा विहिरीत उतरून गाळ काढतो, अडकलेल्या पाण्याच्या मोटारी सोडवतो. तो खाली आणि काठावर त्याची बायको दैवशाला आरसा धरून उभी. आरशानं ती ऊन विहिरीत पाडते आणि त्या उजेडात तो काम करतो. आभाळ आलं की काम बंद.

"स्वस्तातली बॅटरी दोन मिनिटं उजेड देती आन् मरती," तो एकदा दुकानात म्हणाला. "भारीतली मला झेपत न्हाय. माझ्या एका दिसाच्या मजुरीत बसंल अशी करून द्या की."

"काका, पहिली बॅटरी तुमचीच. जबान दिली," रिजवान म्हणाला.

मग काय, तिघं हात धुऊन माझ्या मागं लागले. रिजवानला बारा दिवे हवे होते.

"बारा लावशील, आन् गरमी कुठं घालशील? तुझ्या खिशात?" अप्पा म्हणाले.

मॅडम पाच म्हणत होत्या. तीन रविवार नुसता वाद. शेवटी सातावर तोडगा निघाला. मग भिंगाचं भांडण. रिजवानला लांब जाणारा झोत पाहिजे होता. दगडोबाला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "लांबचं काय करू? विहिरीत माझ्या हाताभवती दिसलं म्हंजे झालं." रिजवानचं तोंड उतरलं, पण पसरट भिंगं बसली.

राहिली गरमी. दिवे तापले की उजेड उतरतो आणि दिवे जळतात. ती ओढून घ्यायला जाड ॲल्युमिनियम लागतं आणि ते काही स्वस्त नाही. एका रविवारी अप्पा घरचा फुटका कुकर घेऊन आले. त्याचं बूड करवतीनं गोल कापून त्यावर माझे सातही दिवे बसवले. धुरपदाकाकू, म्हणजे अप्पांची बायको, दुकानात येऊन विचारून गेल्या, "माझा कुकर कुणाच्या परवानगीनं कापला?" अप्पा खाली बघून स्क्रू आवळत बसले. त्या बुडाचा मला फार अभिमान होता. शिवाय मॅडमनी एक बारीक पुर्जा घातला होता. मी जास्त तापले की तो उजेड आपोआप थोडा खाली आणायचा, पण विझू द्यायचा नाही.

आणि अप्पांचा एक नियम होता. बॅटरी लावायची, थर्माकोलच्या पांढऱ्या डब्याच्या भोकात ठेवायची आणि लगेच मोजायचं नाही. चहा सांगायचा. चहा यायचा, फुंकून फुंकून प्यायचा, कप खाली ठेवायचे आणि मगच डब्यातला उजेड मोबाइलवर मोजायचा.

"पहिल्या मिनिटाला समद्याच बॅटऱ्या शहाण्या असत्यात," अप्पा म्हणायचे.

मी त्या परीक्षेत पास झाले. चहा संपला तरी माझा उजेड फार ढळला नव्हता. रिजवाननं मला डब्यातून काढून शर्टाच्या बाहीनं पुसलं. खरं सांगते, त्या दिवशी मला वाटलं होतं, हा माणूस आपल्याला कधी दगा देणार नाही.

मग कॉलेजात प्रदर्शन लागलं. त्याच आठवड्यात अप्पा लेकीकडं आळंदला गेले होते. बाहेरगावचा एक व्यापारी येणार आणि आवडलं तर पाचशे बॅटऱ्यांची मागणी देणार, असं रिजवानच्या कानावर आलं. झालं, तो बदलला. पाचशे कुकरांची बुडं कुठून आणणार? प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं मला खोललं. बूड काढून टेबलाखालच्या खोक्यात टाकलं आणि त्या जागी तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा बसवला. मॅडमचा पुर्जा काढून तिथं सरळ तार जोडली, वर दिव्यांना वीजही वाढवली. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठं आहे?

प्रदर्शनात मी अशी काही पेटले की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. व्यापाऱ्यानं लावली, मोजली, वा म्हणाला, बंद केली. चहा कुणी सांगितलाच नाही. मॅडमही लांबून टाळ्या वाजवत होत्या, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पाचशेची मागणी ठरली आणि मी लाजेनं तापले होते ते कुणाला कळलं नाही.

सोमवारी सकाळी दगडोबा आला. लोहाऱ्याच्या वाटेवरच्या एका विहिरीत मोटार अडकली होती आणि आभाळ गच्च भरलेलं. आरशाचा काही उपयोग नव्हता.

"झाली का माझी बॅटरी?"

रिजवान फोनवर त्या व्यापाऱ्याशी बोलत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग टेबलाखालच्या खोक्याकडं बघितलं. मी पाहिलंय, त्याची नजर तिथं गेली होती. बूड परत बसवणं दहा मिनिटांचं काम होतं. पण त्यानं फोन कानाला तसाच धरून मला उचललं आणि म्हणाला, "घेऊन जा, काका."

दगडोबानं मला दोरी बांधून गळ्यात अडकवलं. दैवशाला आणि शेतमालक वर दोर धरून होते. पन्नास फूट खाली उतरल्यावर त्यानं मला लावलं आणि सगळी विहीर लख्ख झाली. दगडांतलं शेवाळ दिसलं, मोटारीचा एकेक नट दिसला.

"दैवशाला," तो खालून म्हणाला, "अगं, ऊन पडलंय इथं. आरसा ठिवून दी आता."

ते ऐकून मला रडू आलं. मला माझी मुदत माहीत होती.

तीन मिनिटं झाली. माझं अंग चटके देऊ लागलं, त्यानं मला छातीवरून बाजूला सारलं. मी जीव खाऊन जळत होते. त्यानं साखळी लावली, नट सोडला, दोन्ही हात मोटारीखाली घातले आणि मी विझले. एकदम, साती दिवे. अंधारात मोटार घसरली आणि त्याचा उजवा हात दगडावर चेंगरला. तो ओरडला नाही, नुसता दोर हलवला. वर काढलं तेव्हा दोन बोटांचा चेंदा झाला होता.

ती बोटं पुढं दवाखान्यात काढावी लागली. दोर धरून उतरणाऱ्या माणसाची.

आठवड्यानं तो हाताला पट्टी बांधून मला परत द्यायला आला. उपरण्यात गुंडाळून आणलं होतं मला.

"रिजवानभाई, चूक झाली. तुमी एवढ्या मेहनतीनं केलती. पानी लागलं असंल तिला, म्या सांभाळली न्हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, आता हा बोलेल. बोल रे, निदान आता तरी.

"व्हय," रिजवान खाली मान घालून म्हणाला, "पानीच गेलंय."

दुःख बोटांचं आहेच. पण त्या एका 'व्हय'नं मला जास्त मारलं.

पुढच्या रविवारी अप्पा आळंदहून परतले. मला हातात घेताच त्यांना वजन हलकं लागलं. त्यांनी चार स्क्रू काढले, पत्रा बघितला आणि विचारलं, "बूड कुठाय?"

रिजवाननं खोक्यातून काढून समोर ठेवलं. चहा आला होता. अप्पांनी कप घेतला नाही. छत्री उचलून निघून गेले, त्यानंतर ते आले नाहीत आणि हे कळल्यावर मॅडमही आल्या नाहीत. रिजवान मला जोडतही नाही, फेकतही नाही. पाचशे बॅटऱ्या पत्र्यावरच बनून खोक्यांतून गेल्या. माझ्याच बहिणी त्या, कुणाकुणाच्या गळ्यात असतील आता.

माझं म्हणणं ऐकाल का? नवी बॅटरी घ्यायला गेलात तर ती लावा, खाली ठेवा आणि एक चहा सावकाश प्या. दुकानदार घाई करायला लागला तर समजून जा.

आणि लोहाऱ्याकडं कधी जाणं झालं तर दगडोबाचं घर विचारा. डाव्या हातानं दोर वळायला शिकतोय म्हणतात. त्याला माझा एवढा निरोप द्या. त्यानं मला नीट सांभाळलं होतं. पाणी गेलंच नव्हतं आत, मी कोरडी होते.