पिशवीला पाडलेलं भोक

मी एक जुनी कापडी पिशवी आहे, मित्रांनो. निळ्या पट्ट्यांची, गादीच्या खोळीच्या जाड कापडाची. माझ्या पोटाला रुपयाएवढं गोल भोक आहे. उंदराने कुरतडलं असेल, असं सगळ्यांना वाटतं. उंदराने कुरतडलं असतं तर मला इतका राग आला नसता. ते माणसाने मुद्दाम पाडलं आहे. पिशवीने राग धरावा की नाही, हे मला नक्की ठाऊक नाही. पण आज सांगते, मग तुम्हीच ठरवा.

मला पेणच्या सगुणाने शिवलं. तिच्या माहेरच्या गादीची खोळ उरली होती. तिने दोन बंद दुहेरी टाके घालून पक्के केले आणि मला खांद्याला लावून पाहिलं. पहिली दोन वर्षं मी पोहे, वाल, पापड आणि भाजी वाहिली. ओझ्याने माझे बंद ताणायचे, पण ते ओझं मला आवडायचं.

सगुणाचा नवरा काळुराम याचा पेणमध्ये फोटो स्टुडिओ होता. स्वभावाने तो भिडस्त. त्याला एक दुःख होतं. तो म्हणायचा, "फोटोला बसवलं की माणसाचं लाकूड होतं. हसा म्हटलं की दात दाखवतात, पण हसत नाहीत." त्याला खरी माणसं हवी होती, आपला फोटो निघतोय हे ठाऊक नसलेली. एके दुपारी त्याने कात्री घेतली, माझ्या पोटाला भोक पाडलं आणि आतून छोटा कॅमेरा बसवला. वर मेथीची जुडी ठेवली. मला कुणी काही विचारलं नाही.

मग आम्ही रोह्याच्या बाजारात जायला लागलो. लपण्यासाठी काळुराम कधी भिंतीआड गेला नाही. तो सगळ्यांच्या मधोमध उभा राहायचा, पण एसटीची वाट बघत असल्यासारखा. अंगात विटका सदरा. नजर कुणाकडे नाही. मेथी चाचपल्यासारखा हात आत घालायचा आणि कळ दाबायचा. कळीचा आवाज झाकायला त्याच वेळी खोकायचा.

मासे विकणारी पुतळी एकदा म्हणाली, "ओ भाऊ, लय खोकताव. आल्याचा काडा घ्या. आन् ती मेथी कवाची हाय? पार मान टाकली तिनं. घरी बायको हाय का नाय?"

आसपासच्या बायका हसल्या. काळुरामही हसला आणि खोकला. पुतळीचा फोटो निघाला. पुढच्या बाजाराला त्या बाईने त्याच्यासाठी घरून आलं आणलं. तेही माझ्यातच ठेवलं गेलं, कॅमेऱ्याच्या शेजारी. मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

त्याच बाजारात विठू हातगाडी ओढायचा. तो जवळच्या निडी गावचा. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. एकदा तो गाडीवर बसून कलिंगड खात होता. कुणीतरी काहीतरी बोललं आणि विठू असा हसला की डोळे पार मिटले, रस हनुवटीवरून गळ्यात गेला. काळुराम खोकला.

तो फोटो फार सुंदर आला. एवढं मी मान्य करते.

पुढच्या वर्षी विठू काविळीने गेला. त्याची बायको बायजा एसटीने पेणला आली. कडेवर तान्ही सरू होती. बायजाच्या हातात कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो होता.

"दादा, ह्ये माजं मालक. निडीचं, रोह्याच्या बाजारात हातगाडी वडायचं. ह्यांचा मोठा फोटो करून द्याल काय? भितीला लावाया. दुसरा फोटोच नाय."

नवरदेवाच्या मामाच्या खांद्यामागे विठूचा एक कान आणि अर्धं कपाळ दिसत होतं. सगुणाने पाणी आणून दिलं. काळुरामने फोटो उजेडाला धरला. त्याने ओळखलं होतं, मित्रांनो! हसणारा अख्खा विठू त्याच खोलीच्या खणात होता. मी खुंटीला होते. मला वाटलं, आता उठेल, खण उघडेल.

तो म्हणाला, "चेहरा हाताने काढावा लागेल. नाक कसं होतं?"

"सरळ व्हतं. आन् फुडचा दात तुटलेला. हसलं का डोळं मिटायचं."

"तोंड मिटलेलंच बरं दिसतं. कोट घालू का?"

"घाला दादा. जितं असताना कवा घातला नाय."

काळुरामने ब्रशने एक माणूस तयार केला. काळा कोट, चापून बसवलेला भांग, मिटलेले ओठ. बायजाने तो चेहरा बराच वेळ पाहिला. "असंच व्हतं का?" ती स्वतःशीच म्हणाली. "असंच असंल. मला तरी आता कुठं नीट आठवतंय."

ती गेल्यावर मी चिडून थरथरत होते, पण पिशवी थरथरली तर लोकांना वारा वाटतो.

हसणारा विठू मात्र मुंबईच्या प्रदर्शनात गेला. त्याला बक्षीस मिळालं. खाली लिहिलं होतं, 'श्रमिकाचं हसू'. नाव नाही, गाव नाही. लोक म्हणाले, काय नजर आहे काळुरामची! तीन वर्षं तो फोटो गावोगावच्या प्रदर्शनांत फिरला आणि परत आला. सगुणाने त्याच्यावर गुंडाळलेला कागद सोडला आणि तुटका दात पाहिला.

"हा त्या निडीच्या बाईचा नवरा ना?"

काळुरामने फोटो पालथा ठेवला.

"ती फोटो मागायला आली होती इथे, तेव्हा होता हा तुमच्याकडे?"

"एकाला दिला असता तर सगळ्या बाजाराला कळलं असतं. पिशवी दिसली की माणसं पाठ फिरवतील. मग खरा चेहरा पुन्हा कधी मिळेल का मला?"

"तुम्हाला मिळाला की खरा," सगुणा म्हणाली. "आणि तिला?"

तिने माझ्यातला कॅमेरा काढून टेबलावर ठेवला, फोटो माझ्यात ठेवला आणि थेट निडी गाठली.

बायजाच्या घरात भिंतीवर कोटातला माणूस होता, ताज्या झेंडूच्या हारात. बायजाने माझ्यातला फोटो हातात घेतला आणि खाली बसून तुटक्या दातावरून बोट फिरवलं. चार वर्षांची सरू तिच्या खांद्यावरून डोकावली.

"आये, ह्यो हसतोय त्यो कोन गो?"

"तुजा बा."

"नाय!" सरूने भिंतीकडे बोट केलं. "माजा बा त्यो हाय. ह्यो नाय."

बायजाने सगुणाकडे पाहिलं. "तीन वर्सं ह्ये कुठं व्हतं?"

सगुणाने मला खांद्यावरून काढून खाली ठेवलं. जाताना ती मला तिथेच विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, कोण जाणे.

आता मी निडीला खुंटीवर असते. माझ्यात कांदे ठेवतात, लहान कांदे भोकातून पडतात. काळुरामने दुसरी पिशवी शोधली असेल, तिच्याही पोटाला कात्री लागली असेल. त्या पिशवीसाठी माझा जीव तुटतो.

मित्रांनो, तुमच्याजवळ आता कॅमेरे आहेत, आणि त्यांना पिशवीही लागत नाही. बाजारात कुणी मनापासून हसलं आणि तुम्ही तो फोटो घेतलात, तर लगेच पळू नका. पुढे व्हा, दाखवा, नाव विचारा. ते रागावले तर पुसून टाका. आवडला तर एक प्रत घरी पोचवा. चोरून पाहिलेलं स्वतःजवळ ठेवून वर त्याची वाहवा मिळवू नका.

इथे रोज दिवेलागणीला बायजा सरूला मांडीवर घेते. मुलांना अक्षरं शिकवतात तसं त्या हसणाऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणते, "ह्यो तुजा बा. म्हन." सरू शहाणी आहे. आईला बरं वाटावं म्हणून ती म्हणते. पण नमस्कार करायला अजून भिंतीकडेच वळते.