सीटमागचा हात

"उतर खाली. आपली माणसं पाण्यावर चालतात, चाकावर नाही."

हा आवाज त्याच्या बापाचा. तळ्याच्या मधोमध नाव थांबवून, दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने तो काठाकडे फेकला होता. वारा पडलेला होता, त्यामुळे एकही अक्षर पाण्यात न सांडता आवाज काठावर पोहोचला. काठावर पोरगा भाड्याच्या सायकलचं हँडल धरून उभा होता, एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. धुणं धुणाऱ्या बायांनी आधी नावेकडे पाहिलं, मग पोराकडे, आणि हसल्या. पोरगा उतरला. सायकल हाताने ढकलत दुकानात परत करून आला.

पुढे बाप गेला, आवाज राहिला. पोराचा नावाडी झाला. आणि दैवाची गंमत अशी, की त्याला बायको मिळाली ती पायाला चाकं बांधून जन्मलेली. माहेराहून सासरी निघाली तेव्हा सामान नावेतून आलं आणि ती काठाकाठाने सायकलवरून, नावेच्या आधी. दारात उभी राहून तिने आपल्याच पेट्या उतरवून घेतल्या.

सहलीचं कामही तिनेच आणलं. शहरातल्या एक सहलीवाल्या बाई पाहुणे पाठवायच्या. सकाळी धक्क्यावर पाहुणे आणि सायकली नावेत चढायच्या, नाव तळं ओलांडून पलीकडच्या गावाला लागायची. तिथून ही पुढे आणि पाहुणे मागे, अशी सायकलींची माळ बांधावरून निघायची. कुठे जाळी विणणाऱ्यांच्या ओसरीत थांबा, कुठे विटांच्या भट्टीपाशी, कुठे बदकांच्या कुंपणापाशी. आणि हा पिशव्या, जेवणाचे डबे, हवा भरायचा पंप नावेत घालून पाण्याच्या वाटेने पुढच्या गावाला. ती काठाने, तो पाण्याने. दिवसभरात गाठ पडायची ती गावोगावच्या पायऱ्यांवर, डबे उतरवण्यापुरती.

पहिल्याच वर्षी तिने म्हटलं होतं, नाव एक दिवस चुलतभावाकडे द्या आणि चला माझ्यासोबत, बांधावरून तळं कसं दिसतं ते तरी बघा. नव्या नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "गुडघा दुखतो माझा."

त्या संध्याकाळी तिने तेल कोमट केलं. तेव्हापासून तेलाची वाटी घरात कायमची झाली. खोटं बोलणाऱ्याला आठवण दांडगी लागते म्हणतात. याला दुखरा गुडघा उजवा की डावा हेच आठवायचं नाही, म्हणून तो दोन्ही पुढे करायचा. ती बिचारी दोन्ही चोळायची, आणि वर म्हणायची, पाण्यात उभं राहून राहून हाडांत गारठा शिरलाय हो तुमच्या. तो डोळे मिटून घ्यायचा. सायकल येत नाही एवढे तीन शब्द, पण लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात जे बोललं नाही ते दहाव्या वर्षी बोलायला तोंड कुठून आणायचं? मिठाची गुळणी धरली होती ती धरलीच.

हे सगळं निभावून गेलं असतं. पण पाण्याला कान असतात तसं तोंडही असतं. काठावरचं बोलणं तळ्यावरून सरपटत येतं आणि मध्येच बुडतं, हसणं मात्र तरंगत शेवटपर्यंत येतं. तिचं हसणं त्याला नावेत ऐकू यायचं. घरात ती हसायची नाही असं नाही, पण ते घरातलं हसणं होतं, पदराने पुसून ठेवल्यासारखं. बांधावरचं हसू मोकळ्या गळ्याचं. ते ऐकायला म्हणून तो इंजिन बंद करून लांब बांबू रोवत नाव ढकलायचा. तिला सांगायचा, डिझेल वाचतं. बांबू रोवता रोवता त्याच्या तोंडात आपोआप ओळी यायच्या,

तळं माझं घर, नाव माझी सखी
काठावर हसे कोण माझ्याहून सुखी

आणि मग आले घड्याळवाले.

बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली, मुलगी परदेशी. गेल्या वर्षी पहिल्यांदा आले ते सायकलच्या सहलीला, आणि धक्क्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाले, मला सायकल येत नाही, कुणी शिकवणार असेल तर बघतो, नाहीतर नावेतच बसतो. लाज नाही, संकोच नाही. जणू चहात साखर नको एवढंच सांगत होते. पाहुणे हसले, तेही हसले. तिने पदर खोचला.

नावाड्याने ते सगळं पाण्यातून पाहिलं. बांधावर ते गृहस्थ सायकलवर ताठ बसलेले, आणि मागे सीटला हात लावून पळणारी त्याची बायको. सीट सोडली की ते कलंडत, ती पुन्हा धरे, पुन्हा पळे. पायातल्या चपला तिने केव्हाच काढून टाकल्या होत्या. शेवटी तिने हात काढला, त्यांना कळलं नाही, आणि ते गेले की सरळ, लांबपर्यंत. ती बांधावर टाळ्या पिटत उभी राहिली. टाळ्यांचा आवाज पाण्यावरून आला आणि नावेच्या फळीला लागला.

नावाड्याने बांबू उगाच दोनदा रोवला. त्या माणसात हेवा करण्यासारखं होतं काय? टक्कल, जाड भिंगाचा चष्मा, कानापर्यंत ओढलेली टोपी. बायकोवर त्याचा संशय नव्हता, तेवढा तो मूर्ख नव्हता. पण जे मागायला याची जीभ दहा वर्षं रेटली नाही, ते त्या परक्याने पहिल्या पाच मिनिटांत मागून घेतलं होतं. डोळ्यात गेलेलं कुसळ दुसऱ्याला दिसत नाही. ज्याच्या गेलं त्याला मात्र सगळं जगच टोचतं.

घड्याळवाले पुन्हा आले, आणि यंदा तिसऱ्यांदा. आले त्या दिवशी त्यांनी नावाड्याच्या घरचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ मागून घेतलं, धक्क्यावर बसून उघडलं, पुसलं, चालू करून दिलं. ती कौतुकाने म्हणाली, बघा, किती वर्षं पडून होतं. नावाडी म्हणाला, बंद होतं तेच बरं होतं, टिकटिकीने झोप मोडते.

या खेपेला मात्र गोष्ट नुसत्या टिकटिकीवर राहिली नव्हती. सहलीवाल्या बाईंनी नवी सहल काढली होती. डोंगरापलीकडच्या गावांची, आठवडाभराची, नुसत्या सायकलींची. तिकडे तळं नाही, म्हणजे नाव नाही. वाट दाखवायला एक माणूस पुढे लागणार आणि एक मागे. बाईंनी तिला विचारलं, तिने आधी नवऱ्याला विचारलं, आणि त्याने नेहमीप्रमाणे गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा घड्याळवाले सहज बोलून गेले होते, की दुकान काय, आठवडाभर बंद ठेवता येईल, मागे राहणारं माणूस मिळालं नाही तर मी आहे. बाईंना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. सकाळी नावेत सायकली बांधताना तिने एकदा विचारलं, काय कळवू? तो दोरीला गाठ मारत राहिला. एवढी घट्ट मारली, की पलीकडच्या गावात ती सोडवायला दोघं लागले.

आज पाहुणे मोजकेच होते. दोन निवृत्त शिक्षिका बहिणी, एक नवं जोडपं आणि घड्याळवाले. जोडपं पुढे पळत होतं, बहिणी भांडत भांडत मध्ये, आणि सगळ्यांच्या मागे पिवळा रुमाल बांधलेली ती आणि लाल टोपीवाले घड्याळवाले.

पाणी उतरलं होतं. अशा दिवसांत दुसऱ्या गावाच्या अलीकडे तळ्याच्या पोटात गाळाचा उंचवटा वर येतो, आणि त्याला वळसा घालायची खूण नावाड्यांच्या घराण्यात ठरलेली आहे. काठावरचं वाळलेलं झाड आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत येईपर्यंत सरळ जायचं. दोन्ही एकामागे एक लपली की नाव वळवायची. आधी नाही, नंतर नाही. बापाने त्याला चालायच्या आधी हे शिकवलं होतं. डोळ्यांनी बघावं आणि हातांनी वळवावं, मधे डोकं लागत नाही.

आज डोळे झाडाकडे नव्हते. बांध तिथे पाण्याच्या दिशेला वळतो. पिवळा ठिपका आणि लाल ठिपका वेगवेगळे येत होते, मग जवळ आले, अजून जवळ, आणि वळणावर एकमेकांत मिसळून गेले. त्याच क्षणी पाण्यावरून हसू आलं. दोन खुणा एका रेषेत आल्या, आणि नावाड्याच्या हातांनी नाव वळवली.

नाव मऊ कापड फाटावं तसा आवाज करत गाळात शिरली आणि थांबली.

आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने झाड पाहिलं, झाडापासून अजून लांब उजवीकडे टाकी पाहिली, आणि कानशिलं तापली. बांबू रोवला, तो हातभर आत गेला आणि बाहेर येताना चिखलाची शिवी देऊन आला. इंजिन लावलं, तर मागे नुसतं काळं पाणी उसळलं. पोरवयापासून या तळ्यात कधी रुतला नव्हता. आता गावात सगळे जेवायला खोळंबणार, पायऱ्यांवर बसून वाट बघणार, आणि कुणीतरी म्हणणार, नावाडीदादांना झोप लागली वाटतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोय नव्हती, अंगण त्याचंच होतं.

बऱ्याच वेळाने बांधावर घंटी वाजली. ती एका सायकलवर बसून, दुसऱ्या सायकलचं हँडल एका हाताने धरून, दोन्ही सायकली ओळीत चालवत येत होती. एकटीच.

काय झालं ते तिने विचारलं नाही. नाव कुठे आहे आणि झाड कुठे आहे एवढं पाहिलं, आणि तिच्या कपाळावर एक आठी पडली. गावातून दोर आणि माणसं येतीलच, तोवर डबे काढा, म्हणाली, भुकेने त्या बहिणी एकमेकींना खातील.

तो मांडीभर गाळात उतरला. डोक्यावर डबे, खांद्यावर पिशव्या घेऊन लव्हाळ्यांतून वाट काढत काठावर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. एकेक पाऊल गाळातून उपटून काढत होता, बैलासारखा. चढण चढताना तर एकदा धावलाही. शेवटची पिशवी टेकवून त्याने वर पाहिलं, तेव्हा ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. चिखलाने माखलेल्या त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"गुडघे बरे दिसतायत," ती म्हणाली.

तो घाम पुसायला लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "तुझे घड्याळवाले कुठे राहिले?"

"माझे?"

"एवढं खिदळणं चाललं होतं, म्हणून विचारलं."

"पायऱ्यांवर बसवून आलेय. त्यांना अजून सायकलवरून उतरता येत नाही. उतरायच्या आधी गवत कुठे आहे ते शोधतात, मग तिथे जाऊन पडतात. त्याला हसत होते." ती थांबली. "तुम्हाला तिथपर्यंत ऐकू येतं?"

तिने दुसरी सायकल पुढे केली. दोन डबे हँडलला अडकवले, दोन पिशव्या मागच्या कॅरिअरला बांधल्या. म्हणाली, बसा, उरलेलं मी घेते, दहा मिनिटांची वाट आहे. त्याने हँडल धरलं. हँडल गार होतं. सायकल त्याच्याकडे कलली, त्याने ती सावरली आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, मी चालत येतो, डबे डोक्यावर घेतो. गुडघ्याचं नाव मात्र काढलं नाही. ते आता काढता येण्यासारखं उरलं नव्हतं.

ती आपल्या सायकलवर टेकून उभी होती. रुमाल सोडून तिने तोंड पुसलं. आवाज चढला नाही, उलट उतरला. असं वाटलं, की हे बोलणं तिने पुष्कळदा मनात म्हणून पाहिलंय.

"एवढी वर्षं मी तेल चोळलं. मला वाटायचं, दुखत असेल. मग वाटायला लागलं, दुखत नाहीये. मग मी म्हटलं, यांना लाज वाटते. बायको पुढे आणि आपण मागे, असं लोकांनी बघायला नको असेल. तसंही चालेल. पण तोंडाने सांगा. नाही सांगितलं तर मी संध्याकाळी बाईंना कळवते, की घड्याळवाले येतायत माझ्याबरोबर. आणि मग पाण्यातून माझ्याकडे असं बघायचं नाही."

पलीकडून कुणाच्या तरी हाका आल्या. दोर घेऊन माणसं निघाली होती. थोड्या वेळात बांधावर गर्दी होणार होती, आणि गर्दीत माणूस पुन्हा काहीही म्हणून वेळ मारून नेऊ शकतो. त्याने हाकांच्या दिशेने पाहिलं. सायकल अजून त्याच्या हातात होती, आणि चिखलाचे ओघळ त्याच्या पायांवर वाळायला लागले होते.

"लाज वाटते, पण तुझी नाही," तो म्हणाला. "मला सायकल येत नाही. कधी आलीच नाही. तू त्यांच्या सीटला धरून पळालीस ना, त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही. मला शिकवशील का?"