बारीक शिट्टीची खोली

मी साउंड कार्ड बोलते आहे. पण आवाजाबद्दल मला विचारू नका. माझ्यातून गेलेला एकही आवाज मी ऐकलेला नाही. संगणक मला आकडे देई, मी त्यांची वीज करून तारेत सोडत असे. तारेच्या टोकाला, माणसाच्या कानात पुढे काय घडले, त्याची मी साक्षीदार नाही. माझ्या दुसऱ्या सॉकेटला एक कळ जोडलेली होती. ती दाबली गेली की मला समजे, इतकेच.

पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात, कान तपासण्याच्या खोलीत मी अकरा वर्षे काढली. भिंतींना स्पंज, दुहेरी दार, एक खुर्ची, आणि काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई. प्रत्येक कामगार वर्षातून एकदा येई, हेडफोन लावी आणि शिट्टी ऐकू आली की कळ दाबी. शिट्टी क्रमाक्रमाने बारीक होत जाई. क्रेनचा भोंगा ज्याला ऐकू येणार नाही, त्याची रवानगी यंत्रांवरून गोदामात, असा नियम होता.

ती वर्षे आठवली की सर्वांत आधी मिस्त्री आठवतात. मोठ्या प्रेसवरचे सर्वांत जुने कारागीर. हेडफोन लावण्यापूर्वी ते स्वतःच्या रुमालाने पुसून घेत आणि दरवर्षी तेच विचारत, "काय बाई, यंदा शिट्टीला उपास घडवलात की काय? फारच रोडावलीय!"

"बोलू नका, मिस्त्री. ऐका."

त्यांची कळ मला ओळखू येई. इतर लोक घाईने, दोनदा दाबत. मिस्त्री एकदाच, ठाम. वीसपैकी अठरा, एकोणीस, कधी पूर्ण वीस.

बाई रोज सकाळी प्रथम स्वतः हेडफोन लावून मला तपासत. अकरा वर्षांत ही पायरी एकदाच राहिली. आदल्या संध्याकाळी संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली अद्ययावत केली होती, सकाळी संगणक सुरू व्हायला वेळ लागला, आणि मिस्त्री दारात उभे होते. बाईंनी त्यांना थेट बसवले. वीस शिट्ट्या, एकोणीस वेळा कळ.

ते गेल्यावर बाईंनी हेडफोन कानाला लावला आणि शिट्टी पुन्हा पुन्हा सोडून पाहिली. मग संगणक विभागातल्या गृहस्थांना बोलावले. व्यवस्थापकांची भाची त्यांना दिलेली, म्हणून सारा कारखाना त्यांना जावईबापू म्हणे.

"कार्ड गेलं, मॅडम. नवीन मागवू."

"गेलं कशावरून? तुम्ही अजून तार ओढण्यापलीकडे काही केलेलं नाही."

बाईंनी संगणकावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहून कार्डांची यादी मागवली. तीत मी होते, पण दुसरी. अद्ययावत झाल्यापासून संगणक सगळा आवाज माझ्याऐवजी मॉनिटरच्या पडद्याकडे पाठवत होता, आणि त्या पडद्याला स्पीकरच नव्हता. बाईंनी मला पहिले स्थान दिले, तरी शांतता. मग त्यांनी आवाजाचे स्तंभ उघडले. हेडफोनच्या स्तंभाखाली दोन एम उभे होते: म्यूट, म्हणजे आवाज बंद. बाईंनी की-बोर्डवरचे एक बटण दाबले, एमच्या जागी शून्ये आली, आणि त्यांनी दचकून हेडफोन दूर केला.

"बघा, झालं की!" जावईबापू म्हणाले.

"झालं नाही," बाई म्हणाल्या. "मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री आले.

"सकाळी आवाज बंद होता, मिस्त्री. तुम्ही एकोणीस वेळा कळ दाबलीत. शिट्टी सोडताना माझा खांदा हलतो, तो बघत होतात?"

मिस्त्रींनी रुमालाची घडी केली, मोडली. "बाई, माझ्या कानात शिट्टी असतेच. उठल्यापासून झोपेपर्यंत. त्यातली तुमची कुठली आणि माझी कुठली, मला सांगता येत नाही."

"पण नेमक्या वेळेला?"

"मधेच ती मोठी होते." मग ते म्हणाले, "मला गोदामात टाकू नका. प्रेस सोडून मला दुसरं काही येत नाही."

बाईंनी काचेवर पडदा ओढला आणि शिट्ट्यांमधली अंतरे बदलली. या वेळी प्रत्येक शिट्टी माझ्यातून गेली. कळ दहा वेळा दाबली गेली. त्यांपैकी सहा वेळा शिट्टी होती, चार वेळा नव्हती. प्रत्येक वेळी एकदाच, ठाम.

त्याच आठवड्यात मिस्त्री गोदामात गेले. जाताना काचेवर टकटक करून म्हणाले, "क्रेनखाली एखादा मेला असता, बाई. मीच, किंवा माझ्यामुळे दुसरा. बरं झालं."

आता त्या खोलीत नवे उपकरण आहे आणि मी खालच्या खणात, कागदाच्या पाकिटात. खोलीची, स्पंजच्या भिंतींची, त्या ठाम कळेची आठवण येते. मला टाकून देऊ नका, एवढेच मागणे; माझ्यात बिघाड नाही.

पाकिटाशेजारी मिस्त्रींचे त्याआधीच्या दहा वर्षांचे तक्ते आहेत. बाईंनी ते फाइलमधून काढून ठेवले. त्या अधूनमधून ते पसरतात आणि आपल्याच सह्यांवरून बोट फिरवतात. अठरा, एकोणीस, वीस. मिस्त्रींना ऐकू येणे यांतल्या कोणत्या वर्षी थांबले, ते या आकड्यांतून काढता येत नाही.