टेलरची खिडकी

खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या हिरव्या खणाची एक कड तिरकी कापली गेली होती. एका टोकाला दुसऱ्यापेक्षा बोटभर जास्त. झुलालने पंचम जॉर्जच्या रुपयांची चळत बाजूला सारली आणि अंगठ्याने ती कड सरळ करून पाहिली. दोन धागे सुटून नखाला चिकटले.

"मावशी, हे काय?"

"खण शे, भाऊ. चोळी शिवी दे. मन्ही नातनं लगीन शे." जाळीपलीकडची म्हातारी पदर सावरत म्हणाली. "जवाईनी वाची दखाडं, टेलर लिखेल शे आठे."

शेजारच्या टेबलावरचा कारकून अमीन आधी खोकला, मग मोकळा हसला. "घ्या झुलालभाऊ, माप घ्या! टेप आणू का?"

घोटाळा पाटीचा होता. जळगावच्या या बँकेत इतकी वर्षं त्या खिडकीवर 'पोतदार' लिहिलेलं होतं. मुंबईहून आलेल्या नव्या साहेबांना ते जुनाट वाटलं, आणि रंगाऱ्याने 'teller' हा इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवला : टेलर. झुलालने गंमत म्हणून वडिलांना कळवलंही होतं : नाना, आता मीही टेलर झालो.

नाना म्हणजे अमळनेरचा वना शिंपी. मुलगा मॅट्रिक होऊन बँकेत लागला तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटले होते. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांचं चौथं पत्र काल आलं. 'पाय चालतात, डोळे चालत नाहीत. मशीनला चाळीसगावचं गिऱ्हाईक आहे, रविवारी घेऊन जाईल. तुझं काय ते सांग.' आधीच्या तिन्ही पत्रांना झुलालने 'पुढच्या पत्री कळवतो' एवढंच उत्तर दिलं होतं. मशीनची धडधड त्याला अजून झोपेत ऐकू यायची. पण परत गेलो तर आळी काय म्हणेल, हेही त्याला ऐकू यायचं : पोराने मॅट्रिकचा कागद चुलीत घातला.

हसणं ऐकून साहेब बाहेर आले. प्रकार कळल्यावर ते रागावले नाहीत. शब्द समजावून सांगायची त्यांना हौस होती.

"टेल म्हणजे सांगणं. पण जुन्या इंग्रजीत टेल म्हणजे मोजणंसुद्धा. जो मोजतो तो टेलर."

"म्हणजे आमच्या धान्याच्या मापाऱ्यासारखं," अमीन म्हणाला. "एकाला लाभ म्हणायचं, मग दोन, तीन... मोजायचं आणि ओरडून सांगायचं."

"आणि पोतदार?" झुलालने विचारलं.

"पोत म्हणजे पैशाची थैली. ती सांभाळणारा."

झुलालची बोटं खणावरच होती. त्याच्या घरी पोत म्हणजे कापडाचा पोत. नाना डोळे मिटून दोन बोटांत कापड चोळायचे आणि ते कुठल्या मागावरचं ते सांगायचे.

साहेब आत गेले. म्हातारीने खिडकीला नाक लावलं.

"मंग तू शिवस नही?"

"नाही मावशी. मी मोजतो."

"मोजस आनि सांगस, साहेब बोलना. कोनले सांगस?"

 झुलालने कापड तिच्याकडे सरकवलं.

"कुणी कापलं हे? तिरकं गेलंय."

"वना शिंपीनी." म्हातारी घडी घालू लागली. "कापं, नि कातर खाले ठी दिधी. बराच येळ बठी ऱ्हायना. मंग म्हने, मन्हा पोर जळगावले टेलर शे, त्याकडे जाय."

अमीनचं हसू थांबलं. त्याने टाक उचलला आणि दौतीत बुडवून तसाच धरला.

झुलालने जाळीखालून हात घालून खण परत आत ओढला. उलटा केला, कड कडेला जुळवली. बोटभर तिरकं, शिवणीत सामावून जाईल एवढंच होतं. कोटाच्या खिशातलं नानांचं पत्र काढून त्याने ते खणाच्या घडीत ठेवलं.

"मावशी, अमळनेरले कधय जाशी?"

इतका वेळ शहरी बोलणाऱ्या या माणसाकडे तिने चमकून पाहिलं.

"सकाय."

"नानाले सांगजो," झुलाल म्हणाला, आणि सगळ्या बँकेला ऐकू गेलं, "मशीन इकू नका. चोळी मीच शिवसू. मी घर येस."